तीन नंबरची वाट

इंग्रज माणूस सुट्टी काढून चिखलात जातो, हे पटायला मला बारा वर्षं लागली. रीडिंगच्या आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी एकच स्पर्धा चालते: वीकेंडला कोण किती भिजलं. ज्याच्या घरी उत्तम गादी आहे, तो कित्येक आठवडे आधी बुकिंग करून कुणाच्या तरी कुरणात जमिनीवर झोपून येतो आणि पाठ धरली म्हणून कौतुकाने सांगतो. मी ऐकून घेतो. 'हाउ लव्हली' म्हणतो. इथे मी सगळ्यालाच हाउ लव्हली म्हणतो, तो आता माझा स्वभावच झालाय.

हे सांगायचं कारण, गेल्या ऑगस्टात मी स्वतःच बायकोला आणि शहात्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन असल्या एका ठिकाणी गेलो. मोटरवेवरून ब्रिस्टलच्या दिशेने जायचं, मग एक एक रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटी समोरून ट्रॅक्टर आला की आपण अर्धा मैल रिव्हर्समध्ये जायचं. तिथे एक पब, पबच्या मागे तंबू ठोकायचं मैदान, आणि मैदानाच्या चारी बाजूंना शेतं. बाबांसाठी एक लाकडी खोली घेतली होती, आत खरा पलंग. आम्ही दोघं तंबूत. "लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर हे दिवस दाखवलेस," असं बायको तंबूच्या काठ्या जुळवता जुळवता म्हणाली.

बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते आणि त्यातले नऊ दिवस उरले होते. बहुतेक काळ त्यांनी आमच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून काढला. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात भाषण केलं ते अडीच तास, हॉल दोन तासांचाच घेतला होता. बाकी गुडघा, गोळ्या आणि रोजचा गावाकडे फोन. मी 'पुढच्या वेळी आलात की' असं काही म्हटलं की ते हात उडवायचे. "पुढची वेळ कुठची बे. गुडघा म्हणून राहिला, बस झालं आता." ते खरंच बोलतायत हे मला कळत होतं. म्हणूनच त्यांना निदान एकदा रीडिंगच्या बाहेर काढावं म्हणून ही ट्रिप.

बारच्या कोपऱ्यात खिळ्याला पाच लॅमिनेट केलेले कागद टांगले होते. वॉक नंबर एक ते पाच. प्रत्येक वाट पबच्या दारातून निघते आणि पबच्या दारात येते. मधला भाग तहान लागावी म्हणून असावा. बाबांनी पाचही कागद काढून घेतले आणि खिडकीशी बसून अक्षर न् अक्षर वाचले. ते चौतीस वर्षं पोस्टमन होते. छापील कागद ते नुसता चाळत नाहीत, तपासतात.

"ही तीन नंबरची," ते म्हणाले, "कोणाच्या शेतातून जाते?"

"असेल कुणातरी शेतकऱ्याचं."

"परवानगी कोण काढते?"

"लागत नाही, बाबा. पब्लिक फुटपाथ आहे. जमीन त्याची, पण वाट सगळ्यांची. कुणीही चालावं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पत्ता अर्धवट सांगतोय. मग उठले, काठी टेकत बारपाशी गेले आणि आपल्या पोस्टाच्या इंग्रजीत थेट पबच्या मालकालाच विचारलं. मालक पोटाने आणि आवाजाने भरभक्कम माणूस. तो ग्लास पुसत म्हणाला, की हो, तुम्ही, तुमचा कुत्रा, कुणीही. बाबा म्हणाले, शेताच्या मालकाने अडवलं तर? तर चूक त्याची, मालक म्हणाला, कौन्सिलला कळवायचं. बाबा म्हणाले, काहीच काम नसलं तरी? मालक हसायला लागला. म्हणाला, काम असलेला माणूस कशाला चालत जाईल?

बाबा परत येऊन बसले आणि तीन नंबरचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मी त्यांच्यासाठी लाइम अँड सोडा आणला, तो तसाच राहिला.

त्यांच्या शाळेची गोष्ट मला पाठ आहे. ते ती कधीच गाऱ्हाणं म्हणून सांगत नाहीत, अंतर म्हणून सांगतात. "गावात शाळा एकच होती. बाकीच्या पोरांसाठी ती अर्धा मैल, आमच्यासाठी दोन मैल." मधे पाटलाचं शेत होतं. बांधावरून आमच्या वस्तीतल्या पोरांनी जायचं नाही, नाल्याच्या कडेकडेने वळसा घालून जायचं. पुढे पोस्टात लागले, खाकी ड्रेस मिळाला, आणि मग त्याच पाटलाच्या अंगणात जाऊन त्यांनी मनीऑर्डरी दिल्या. हे ऐकून मी लहानपणी टाळ्या वाजवायचो. बाबा म्हणायचे, "टाळ्या काहून? ड्रेस गेला होता तिथं. मी कुठं गेलो होतो?"

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "मले ही तीन नंबर चालायची आहे. पूर्ण. पिशवी नाही, ड्रेस नाही, काम नाही. कोणाच्या तरी शेतातून उगाच जायचं आहे. कोणाले न विचारता."

सहा महिन्यांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, जाऊ या.

सकाळी निघालो. साडेतीन मैल, कागदात लिहिलं होतं दोन तास, 'काही ठिकाणी किंचित ओलसर'. इंग्रजीतला किंचित ओलसर म्हणजे घोट्यापर्यंत. बायकोने पाठीवरच्या बॅगेत पराठे, दशम्या, लोणचं, थर्मास आणि बाबांच्या गोळ्या असा सगळा संसार भरला होता. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. कागद मी धरतो म्हटलं तर दिला नाही.

चालताना एक गोष्ट उघड झाली, म्हणजे बायकोने ती उघड केली. "तू मोजतोयस का किती वेळा सॉरी म्हणालास?" समोरून कुत्रा घेऊन एक जोडपं आलं, मी सॉरी म्हणून कडेला झालो. फाटक उघडलं, पलीकडे कुणी नव्हतं, तरी सॉरी. एका मेंढीला म्हणालो. "बाप्पा," बाबा म्हणाले, "मेंढीले काहून सॉरी म्हणून राहिला?" काय सांगणार? बारा वर्षांत माझ्याकडे एक जाड फाइल जमली आहे. काम करायची परवानगी, राहायची परवानगी, मग बेमुदत राहायची परवानगी, आणि शेवटी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट. तेव्हापासून परवानगीची गरज संपली असं म्हणतात. माझ्या तोंडाला ते कुणी कळवलेलं नाही.

बाबा मात्र छान चालत होते. गुडघा कुरकुरत होता, पण पाऊल पोस्टमनचं, एका लयीत. प्रत्येक फाटक स्वतः उघडायचं, आम्हाला आत घ्यायचं, स्वतः बंद करायचं, कडी बसली का हलवून पाहायची. गव्हाची कापणी झालेल्या शेतातून वाट सरळ मधोमध जात होती. तिथे ते थांबले. दोन्हीकडे पाहिलं. कुणीही आलं नाही, कुणीही हटकलं नाही. खूप दूर एक ट्रॅक्टर आपल्या कामात होता. "पाह्य ना," ते मला म्हणाले, "मधातून जाते. बांधावरूनसुद्धा नाही, मधातून."

मला भरून आलं. मी पराठे खायचे का विचारलं.

गोंधळ झाला तो पुढे. कागदात लिहिलं होतं: कुंपणाच्या कोपऱ्यावर लाकडी पायऱ्या चढून पलीकडे उतरा आणि सरळ चालत रस्त्याला लागा. कुंपणं ओलांडायला इथे अशा दोन फळ्यांच्या पायऱ्या असतात. आम्ही कोपऱ्यावर पोचलो, पण पायऱ्या नाहीत. ब्लॅकबेरीच्या काट्यांची डोक्याएवढी उंच जाळी, आणि तिच्या शेजारी एक बुटकं हिरवं फाटक.

"हेच असेल," बाबा म्हणाले आणि कडी काढली.

आत शेंगांचे वेल काठ्यांवर चढवलेले. कोबी. लेट्यूसच्या दोन सरळ ओळी. दोरीवर वाळत घातलेले उशांचे अभ्रे. मी हळूच म्हटलं, "बाबा, हे कुणाचं तरी घर वाटतंय."

"वाटून राहिलं म्हणजे काय? कागदात सरळ जा लिहिलं आहे." त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. "लोकं वाटेवर भाज्या लावतात. म्हणून वाट त्यांची होत नाही. तू वळसा घालशील, मले माहीत आहे. मी नाही घालत."

तेवढ्यात वेलांच्या मागून एक म्हातारी उभी राहिली. हातात खुरपं, डोक्यावर पुरुषी हॅट, वय बाबांपेक्षा चार-पाच वर्षं जास्तच. ती म्हणाली, "कॅन आय हेल्प यू?" इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, या वाक्यात मदतीचा काही संबंध नसतो. त्याचा अर्थ, तू इथे काय करतोयस. माझ्या तोंडात सॉरी आलंच होतं.

बाबा पुढे झाले. पाठ ताठ, कागद छातीपाशी धरलेला. "मॅडम," ते म्हणाले, "वुई आर वॉकिंग. धिस इज पब्लिक पाथ. इट इज अवर राइट."

म्हातारीने कागद पाहिला. मग बाबांना पाहिलं, त्यांचा इस्त्रीचा शर्ट, काठी, चिखलाने भरलेले बूट. मग माझ्याकडे एक क्षण. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "ऑफ कोर्स इट इज. लेट्यूस तेवढी सांभाळा हं." आणि बाजूला झाली.

बाबा दोन ओळींच्या मधून चालत गेले. एकाही पानाला काठी लागू दिली नाही. दोरीखालून वाकले, पुढचं फाटक उघडलं, आम्हाला बाहेर घेतलं, कडी लावली, हलवून पाहिली. रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलंही नाही. "नाही विचारलं," म्हणाले. "कोणालेच नाही विचारलं."

त्याच वेळी मला कुंपणाच्या पलीकडचा खांब दिसला. त्यावर फुटपाथची खूण असलेला पिवळा बाण. बाण काट्यांच्या जाळीकडे वळलेला होता, आणि जाळीच्या पोटात नीट पाहिलं तर जुन्या फळीचं एक टोक. वाट ती होती. आम्ही एका म्हातारीच्या परसातून गेलो होतो, आणि तिने जाऊ दिलं होतं.

बायकोनेही ते पाहिलं. तिने माझ्याकडे डोळे वटारले. गप्प बसण्याची आमच्या घरातली ही खूण आहे आणि मी ती कधी मोडत नाही.

उरलेला अर्धा रस्ता बाबा बोलतच होते. शाळेबद्दल, नाल्याबद्दल, पावसाळ्यात पाटी डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यातून जाण्याबद्दल. पबच्या दारात पोचताच त्यांनी गावाकडे फोन लावला. "पूर्ण चाललो. साडेतीन मैल. एक बाई आडवी आली होती. कायदा सांगितला, सरकली बाजूला!" पलीकडून बहुधा टाळ्या झाल्या. मी तंबूत जाऊन बूट काढायचं नाटक करत बसलो.

बायको मागून आली. "सांगायचं नाही," ती कुजबुजली. "नऊ दिवसांनी जातायत. आनंदात जाऊ देत."

"पण ते खोटं आहे ना. आयुष्यभर ज्याला ते मेहेरबानी म्हणतात तेच झालं."

"मग जा सांग. आहे हिंमत?"

नव्हती. मी म्हटलं, योग्य वेळ पाहून सांगतो. ऑफिसातही मी असंच म्हणतो.

संध्याकाळी जेवायला पबमध्ये बसलो. मालक चिप्स घेऊन आला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काय मग, जमली का तीन नंबर? आणि मग, अगदी चांगल्या मनाने: "पायऱ्या सापडल्या का? काट्यांत पार गडप झाल्यात. कौन्सिल येतो येतो म्हणते. तोपर्यंत सगळे बिचारीच्या शेंगांत घुसतात. ती काही मनाला लावून घेत नाही, स्वभावाने फार गोड आहे."

मी बाबांकडे पाहिलं नाही. चिप्सवर व्हिनेगर टाकत राहिलो, बायकोने बाटली हातातून काढून घेईपर्यंत.

मालक गेल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे तिनं जाऊ दिलं?"

"बाबा, तसं नाही..."

"तिची जागा होती. अन् तिनं मले जाऊ दिलं." ते प्रश्न विचारत नव्हते. मग म्हणाले, "तुले माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"रस्त्यावर आल्याबरोबर. तो खांब दिसला."

"मी फोनवर बोलून राहिलो होतो तेव्हाही?"

"हो."

बाबांनी काटा-चमचा प्लेटमध्ये ठेवला, एकाला एक लागून, जसा मीच त्यांना जेवण संपल्यावर ठेवायला शिकवला होता. "मग तूही मले जाऊ दिलं," ते म्हणाले. ते आपल्या खोलीकडे निघून गेले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. बायकोने चिप्सची प्लेट दूर सारली.

सकाळी मी खोलीचं दार वाजवलं तर आत कुणी नाही. पलंगाची चादर घडी घातलेली, काठी नाही. पळत पबमध्ये गेलो तर मालक अंगणात खुर्च्या मांडत होता. म्हणाला, तुझे वडील ना? माझी झाडं कापायची मोठी कात्री घेऊन गेलेत. पावती लिहून देत होते, मीच नको म्हटलं.

आम्ही गाडी काढली. म्हातारीच्या घरापाशी पोचलो तेव्हा बाबा रस्त्याच्या बाजूने जाळीत अर्धे घुसलेले होते. कालचाच शर्ट, बाही फाटलेली, हातांवर ओरखडे, बोटं ब्लॅकबेरीने जांभळी. पायऱ्यांची वरची फळी मोकळी झाली होती. मी म्हटलं, बाबा, मी करतो, द्या इकडे. त्यांनी कात्री दिली नाही. "तू त्या कापलेल्या फांद्या ओढ," म्हणाले. बोलले तरी, मला तेवढंच पुरलं. मी ओढायला लागलो. बायकोने ओढणी हाताला गुंडाळली आणि तीही लागली.

आवाजाने म्हातारी बाहेर आली. बाबांनी कात्री खाली ठेवली, शर्ट आत खोचला. "मॅडम," ते म्हणाले, "येस्टरडे, माय मिस्टेक. युअर गार्डन. सॉरी." बाबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. म्हणताना ते मुळीच वाकले नाहीत. चूक झाली होती, तेवढ्यापुरतं म्हणाले.

ती म्हणाली, अहो, त्यात काय. मग घरात गेली आणि जाडजूड हातमोजे घालून आली, बाबांसाठीही एक जोडी आणली. दोघं म्हातारी कापत राहिली. तिचा उजवा खांदा वर होत नव्हता, यांचा गुडघा वाकत नव्हता. त्यामुळे वरचं हे कापायचे, खालचं ती. तास-दीड तास गेला असेल. पायऱ्या मोकळ्या झाल्या. खालची फळी मऊ पडली होती, पण मी उभा राहून पाहिलं, वजन घेत होती.

म्हातारी बाबांचा गुडघा बघत म्हणाली, "तुम्ही आपले बागेतूनच जा ना. मला खरंच काही वाटणार नाही."

"नो, थँक यू," बाबा म्हणाले.

मी हात पुढे केला. "काढ तो हात," ते म्हणाले. काठी पलीकडे टाकली, दोन्ही हातांनी खांब धरला आणि चढले. दुसऱ्या फळीवर गुडघा अडला. चेहरा पांढरा झाला. आम्ही तिघं खाली उभे. मग त्यांनी पाय हाताने उचलून पलीकडे टाकला आणि उतरले. काठी उचलली. कालच्या त्या कापलेल्या शेतात, वाटेच्या मधोमध, ते दहा-बारा पावलं उलट्या दिशेने चालत गेले आणि वळले.

"ये ना," मला म्हणाले. "काहून थांबला?"

मी थांबलो होतो खरा. एक पाय फळीवर ठेवून मी म्हातारीकडे पाहत होतो, ती 'जा' अशी मान हलवेल म्हणून.